ताकद डब्यात असते का?



चौथीला आहाराचा पाठ शिकवताना मी विचारलं, "ताकद कशाने येते?" भाकरी, डाळ, अंडी अशी उत्तरं येतील असं वाटलं होतं. पण पहिली तीन उत्तरं आली ती दुधात घालायच्या पावडरींची नावं, तीसुद्धा जाहिरातीच्या चालीवर!

मुलांची यात काय चूक? जाहिरातीत मुलगा शर्यतीत मागे पडतो, आई काळजीत असते, मग एक ग्लास दूध आणि मुलगा पहिला. ती आई कधी मटकीची उसळ करताना दिसली आहे का? मटकीची जाहिरात करणार कोण! पेपरच्या पुरवण्या आणि रील्समध्येही तेच. सुपरफूड म्हणजे किनोआ आणि चिया. आपली नाचणी आलीच तर बिस्किटाच्या पुड्यातून येते. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात, तेव्हा त्या पुड्यावर पहिलं नाव कोणाचं आहे ते जरूर बघा.

मी मुलांना घरातल्या डब्यांची लेबलं वहीत उतरवून आणायला सांगितली. एका पावडरीत 100 ग्रॅममध्ये 30 ग्रॅमहून जास्त साखर निघाली आणि प्रथिनं 7 ग्रॅम. दोन चमचे म्हणजे साधारण 20 ग्रॅम धरा, तर प्रथिनं दीड ग्रॅमसुद्धा नाहीत. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यांतही तेवढीच. त्या ग्लासात जी ताकद असते ती मुख्यतः दुधाची असते, श्रेय मात्र पावडर घेऊन जाते. (गणिताचा तासही यातच झाला, हे जाता जाता.)

हे फक्त माझंच म्हणणं नाही. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं, कारण 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. पुढच्याच महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत प्रोटीन पावडरी टाळायला सांगितलं आहे. ही बातमी किती घरांत पोचली? जाहिरात मात्र दर षटकानंतर पोचते.

पूरक गोळ्या सगळ्याच वाईट, असं मी म्हणत नाही. शाळेत आपण लोहाची गुलाबी गोळी देतो, ती रक्तक्षयासाठी गरजेचीच आहे. पण गंमत बघा, "गोळीने पोटात दुखतं, देऊ नका" अशी चिठ्ठी पाठवणारे पालक डबा मात्र पैसे मोजून आणतात. गुलाबी गोळीला कुणी नट मिळालेला नाही.

आता खरं सांगायचं ते. पालकसभेत एका विद्यार्थिनीची आई म्हणाली, "सर, पोरगी लई बारीक हाय. म्हणून घरची अंडी बाजारात इकते आन् तिला डबा आणते." मला पटकन बोलताच येईना. आदल्या वर्षी स्नेहसंमेलनात धावण्याच्या बक्षिसाला तसलाच डबा मी माझ्या हातांनी दिला होता, आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. तिने तो फोटो बघितला असेल की नाही, देव जाणे.

मग मी लेबलची वही त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "ताई, आठवड्याची निदान चार अंडी पोरीसाठी ठेवा, बाकीची विका."

"मग टीव्हीवर खोटं सांगत्यात व्हय?"

"सगळं खोटं नाही, पण दुधाचं काम स्वतःच्या नावावर लावतात."

त्या जरा विचारात पडल्या. अंडी ठेवते म्हणाल्या. पण आणलेला डबा संपेपर्यंत द्यायचाच, पैसे मोजलेत ना. यंदाच्या स्नेहसंमेलनाला बक्षीस म्हणून शेंगदाण्याचे लाडू द्यावेत असं मी बैठकीत सुचवलंय. "बक्षीस दिसायला पाहिजे ना, सर," असं एक सदस्य म्हणाले. विषय पुढच्या बैठकीवर गेलाय.