जुन्या जीपचा आवाज : आधी शोध, मग पाना

चारही चाकांना ओढ देणारी जुनी जीप ही महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातील चांगल्या परिचयाची वस्तू होय. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाला, आणि पुढे विकास गटाची कचेरी म्हटली की तिच्यापुढे उभी असलेली जीप डोळ्यांसमोर येऊ लागली. आता ते चित्र पालटले आहे. शासनाच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी, काही अपवाद वगळता, १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही. तेव्हा जुनी जीप कचेरीतून गेली. शेतकऱ्याच्या दारात मात्र ती अजून उभी आहे. डोंगरउतारावरील बागेत, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आणि पावसाळ्यात चिखल होणाऱ्या पाणंदीत तिचे काम दुसरे वाहन सहसा करू शकत नाही.

अशा जीपच्या पोटातून एखाद्या दिवशी नवा आवाज येऊ लागतो. कधी तो घुमल्यासारखा असतो, कधी कण्हल्यासारखा, तर कधी ठराविक अंतराने होणारा टकटक असा. मालक गाडी गॅरेजात नेऊन उभी करतो व ‘खालून आवाज येतो’ एवढेच सांगून बाजारात निघून जातो. मिस्त्री एका चाकाचे बेअरिंग बदलतो. आवाज तसाच राहतो. मग ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरपेटीला मागून जोडलेली व पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी दुसरी पेटी, खाली उतरते. तरीही आवाज राहतो. अखेरीस मागील ॲक्सलमधील क्राऊन-पिनियनची जोडी बदलली जाते आणि खताच्या पैशाला हात लागतो. येथे आणखी एक अनर्थ संभवतो. क्राऊन व पिनियन यांच्या दात्यांमधील अंतर बारकाईने जुळवून बसवावे लागते. ते थोडे चुकले तरी नवी जोडी स्वतःचाच आवाज काढू लागते, आणि मग मूळचा आवाज कोणता व नवा कोणता हे सांगणे कठीण होऊन बसते.

याचा सारा दोष मिस्त्रीच्या माथी मारण्याची रीत आहे. ती न्यायाची नाही. मिस्त्रीला पैसे मिळतात ते भाग बदलल्याचे. तासभर गाडी फिरवून, खाली निजून, हाताने शाफ्ट हलवून त्याने आवाजाचे मूळ शोधले आणि ते एका सैल बोल्टात निघाले, तर मालक चहापुरते पैसे पुढे करतो व ‘एवढेच होते ना?’ असे विचारतो. ज्या कामाचे मोल मिळत नाही ते काम कोण करील? यास्तव जुनी जीप बाळगणाऱ्याने शोधाची मजुरी स्वतंत्रपणे ठरवावी व ती दुरुस्तीच्या आधी द्यावी. पहिल्या दिवशी कोणताही भाग उघडावयाचा नाही, केवळ मूळ शोधावयाचे, असे मिस्त्रीला स्पष्ट सांगावे. हा खर्च वायफळ वाटतो खरा. पण एका चुकीच्या अंदाजाने बदललेल्या भागापुढे तो क्षुल्लक ठरतो.

शोधाचा आरंभ मात्र गॅरेजात होत नाही. आवाज प्रथम ऐकतो तो रोज गाडी चालविणारा मनुष्य, मग तो घरचा मुलगा असो की चालक. त्याची साक्ष सर्वांत मोलाची असूनही ती घेतली जात नाही. सोयाबीनची पाने पिवळी पडली एवढ्यावरून जाणता कार्यकर्ता फवारणी सांगत नाही. कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडली आहेत की पानांवर हिरवे-पिवळे ठिपके मिसळले आहेत, शेतात पाणी साचले होते काय, पांढरी माशी दिसते काय, हे तो आधी विचारतो. कारण लोहाची उणीव वेगळी आणि विषाणूचा मोझॅक वेगळा. जीपच्या आवाजासही हीच दृष्टी लावली पाहिजे. आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो व कोणत्या वेगाला थांबतो? ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर? गिअर बदलला तर बदलतो काय? वळणावर कमीजास्त होतो काय? गाडी भरलेली असताना येतो की रिकामी असताना? आठ दिवस ही टिपणे वहीत ठेवली तर निम्मे काम घरीच होते.

या प्रश्नांच्या उत्तरांना अर्थ आहे. सपाट, निर्मनुष्य रस्त्यावर गाडी वेगात असताना गिअर मोकळा केला व इंजिन मंद ठेवले, तरी तोच आवाज टिकून राहिला, तर इंजिन व क्लच बहुधा निर्दोष समजावेत. दोष चाके, ॲक्सल वा शाफ्ट यांकडे शोधावा. हा प्रयोग घाटाच्या उतारावर कदापि करू नये. ॲक्सिलरेटर दाबताच कण्हणे वाढते आणि सोडताच सूर पालटतो, असा आवाज बहुधा क्राऊन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगचा असतो. ॲक्सिलरेटरशी ज्याचा संबंध दिसत नाही, पण गाडी डावीकडे वळविताच जो वाढतो, त्यासाठी उजव्या चाकाचे बेअरिंग प्रथम पाहावे, कारण डाव्या वळणात भार उजवीकडे जातो. डांबरी रस्त्यावर घुमणारा व मातीच्या रस्त्यावर येताच लोपणारा आवाज पुष्कळदा चिखलात चालणाऱ्या जाड नक्षीच्या टायरांचाच असतो. त्याकरिता ॲक्सल उघडणे म्हणजे निरोग्याला औषध देणे होय.

टकटक आवाजाचे मूळ शोधण्याची एक युक्ती विशेष उपयोगी आहे. तिला खडूचा तुकडा आणि दोन धट्टीकट्टी माणसे एवढेच साहित्य लागते. मागील चाकावर खडूने खूण करावी, गिअर व पुढील चाकांची ओढ मोकळी करावी आणि सपाट अंगणात गाडी हाताने ढकलावी. एकाने चाकाचे फेरे मोजावेत, दुसऱ्याने टकटक मोजावी. चाकाच्या दहा फेऱ्यांत दहा वेळा आवाज आला, तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा, म्हणजे हब, ब्रेकड्रम, टायर किंवा क्राऊनचा एखादा दाता यांचा. तो पन्नासाच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळा आला, तर त्याचा उगम शाफ्ट, त्याचा क्रॉस वा पिनियन येथे. याचे कारण असे की सीजे-३बी प्रकारच्या जीपमध्ये क्राऊनला ४३ व पिनियनला ८ दाते असतात. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे ५.३८ फेरे होतात. इतर गाड्यांत हे प्रमाण वेगळे असेल, पण शाफ्ट चाकापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो हे सर्वत्र सारखेच. मोजणीपूर्वी टायरच्या नक्षीत एखादा खडा अडकला आहे काय हे अवश्य पाहावे. त्या एका खड्यापायी गॅरेजची वारी करणारे लोक थोडे नाहीत.

चार चाकांच्या ओढीमुळे या गाडीत एक निराळीच गुंतागुंत आहे, आणि येथे चालविणाऱ्याची सवय तपासावी लागते. जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये पुढील व मागील शाफ्ट यांच्यामध्ये डिफरन्शियल नसते. ओढ घातली की दोन्ही शाफ्ट एकमेकांस जखडले जातात. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. चिखलात किंवा वाळूत चाक किंचित घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर चाक घसरत नाही, तेव्हा सारा पीळ शाफ्ट, क्रॉस व दाते यांत साठतो. मग गाडी जड चालते, दणके देते आणि ओढीचा दांडा सुटत नाही. काही अंतर सरळ मागे घेतल्यास किंवा गाडी मऊ मातीवर आणल्यास हा पीळ बहुधा उतरतो. शेतातून सडकेवर येताच ओढ काढावी, एवढे पथ्य पाळले तर पुष्कळ आवाज जन्मालाच येणार नाहीत. पैशाच्या ओढाताणीत मागे दोन नवे टायर आणि पुढे दोन झिजलेले, अशी जोडणी अनेक ठिकाणी दिसते. अशा गाडीत ओढ घातल्यावर सरळ रस्त्यावरही हाच पीळ पडतो. चारही टायरांत योग्य हवा भरून प्रत्येक चाकाच्या एका फेऱ्यात जमिनीवर किती अंतर कापले जाते, ते खडूने मोजून पाहावे.

ओढ काढली म्हणून पुढील भाग निर्दोष ठरतो असे मात्र नव्हे. पुढील चाकांना मोकळे करता येणारे हब नसतील, तर रस्त्यावर फिरणारी चाके पुढील डिफरन्शियल व पुढील शाफ्ट यांना फिरवीतच राहतात. मालक म्हणतो, ‘गाडी दोन चाकांवर आहे, पुढचा संबंध नाही’, आणि शोध अर्ध्यावर थांबतो. अशा वेळी पुढील शाफ्ट सोडवून बाजूला ठेवावा व गाडी मागील चाकांवर फिरवून पाहावी. आवाज गेला, तर दोष बहुतेक त्या शाफ्टात, त्याच्या क्रॉसांत किंवा तो ट्रान्स्फर केसला मिळतो तेथे आहे. हाच प्रयोग मागील शाफ्ट काढून व पुढील ओढ घालून, मऊ रस्त्यावर आणि मंद वेगाने करता येतो. परंतु त्यात एक धोका आहे. जुन्या विलिस बांधणीच्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागील शाफ्ट काढला की हातब्रेक मागील चाकांना धरीत नाही. शाफ्ट सोडविण्यापूर्वी चारही चाकांना दगड लावले नाहीत, तर खाली निजलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

अलीकडे केलेली दुरुस्ती वा बदल कोणता, हा प्रश्न तर कधीच वगळू नये. कांद्याच्या गोणी अधिक भरता याव्यात म्हणून मागील कमानीत जादा पाटा घालण्याची चाल सर्वत्र आहे. पाटा वाढला की गाडीची पाठ वर उचलली जाते, शाफ्टचा कोन वाढतो आणि ठराविक वेगाला घुमणारा कंप सुरू होतो. पाच-सहा गोण्या टाकताच तो कमी झाला, तर कोनाचा संशय बळावतो. क्राऊन-पिनियनला हात लावण्यापूर्वी जादा पाटा काढून पाहावा. दुसरे कारण याहून साधे, परंतु फार फसवे आहे. शाफ्टच्या मधल्या सरकत्या जोडावर दोन भागांची जुळणी दाखविणाऱ्या खुणा असतात. क्रॉस बदलताना शाफ्ट वेगळा झाला व पुन्हा जोडताना या खुणा समोरासमोर आल्या नाहीत, तर दोन्ही टोकांचे काटे एका प्रतलात राहत नाहीत आणि निर्दोष भागांची गाडीही थरथरू लागते. शाफ्ट उघडून योग्य घरात बसविणे एवढाच त्यास उपाय आहे. नवा भाग लागत नाही.

तेलाची साक्ष थोडक्यात सांगता येईल. निचऱ्याच्या बुचाला लागलेला राखाडी, लोण्यासारखा मऊ थर वयोमानाचा समजावा. टोचणारे तुकडे वा चकत्या निघाल्या तर ती पेटी उघडलीच पाहिजे. तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते, आणि ॲक्सलच्या श्वासाचे छिद्र चिखलाने बुजले असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. पावसाळ्यात हे छिद्र काडीने मोकळे ठेवणे घरच्या घरी होण्यासारखे आहे.

इतका खटाटोप कशाला, जुना मिस्त्री नुसत्या कानाने ओळखतो, असे म्हणणारे भेटतील. असे मिस्त्री खरोखरच असतात आणि ज्या तालुक्याला ते लाभले तो भाग्यवान. परंतु त्यांचीही रीत पाहण्यासारखी असते. ते आधी गाडीत बसतात, स्वतः चालवितात, मग लांब पेचकसाचे टोक पेटीला व मूठ कानाला लावतात. लोखंडी सांगाडा आवाज लांबवर वाहून नेतो; मागील ॲक्सलचा आवाज पुढील आसनाखालून आल्यासारखा वाटतो, हे त्यांना ठाऊक असते. गाडी चालवून न पाहताच जो पाना मागतो, त्याच्याकडे गाडी न ठेवणे बरे. उलटपक्षी, प्रत्येक आवाज घालविण्याचा हट्टही नको. विलिस बांधणीच्या ट्रान्स्फर केसमध्ये मागील चाकांकडे जाणारी ओढसुद्धा नेहमी दात्यांतूनच जाते; त्यामुळे थोडा गुंजारव हा तिचा जन्मजात स्वभाव आहे. वर्षानुवर्षे एकाच सुरात असलेला तो गुंजारव, तेल पुरेसे व स्वच्छ असेल तर, तसाच राहू द्यावा.

थांबता न येणारी स्थिती एकच आहे. मंद वेगात उंदरासारखी चिवचिव, क्लच सोडताच ‘ठक्’ असा ठोका, आणि शाफ्टच्या क्रॉसभोवती तांबूस गंजाची भुकटी, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर क्रॉसचे बेअरिंग कोरडे पडून खात चालले आहे असे समजावे. चालत्या गाडीत पुढील शाफ्टचे पुढचे टोक सुटून जमिनीत रुतले तर गाडी उलटू शकते, आणि मागील शाफ्ट सुटला तर जुन्या जीपचा हातब्रेकही त्याच्याबरोबर निकामी होतो. अशा गाडीत माणसे बसवू नयेत व ती घाटात नेऊ नये. क्रॉस स्वस्त आहे; तो बदलून, सरकत्या जोडाच्या खुणा जुळवून व ग्रीस भरूनच गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी.