शिक्का संगणकाचा, नोंद कोणाची?

परदेशी निघालेल्या गोमंतकीयाला व्हिसा हाती पडण्यापूर्वी एक दिव्य करावे लागते. आपल्याजवळची प्रमाणपत्रे खरी आहेत, हे परक्या सरकारला पटवून देण्याचे ते दिव्य होय. जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, पदवीपत्र यांवरील एका अधिकाऱ्याच्या सहीला दुसऱ्याची साक्ष आणि त्या साक्षीला तिसऱ्याची, अशी शिक्क्यांची उतरंड चढत जाते. ही उतरंड घरबसल्या रचता यावी म्हणून केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयाने ‘ई-सनद’ नावाची व्यवस्था उभी केली. २०१७ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दाखल्यांपासून तिचा आरंभ झाला. हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु हा शिक्का नेमकी कशाची ग्वाही देतो, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही.

या शिक्क्यास ‘अपॉस्टिल’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ समासातील टीप. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे झालेल्या कराराने वकिलातींच्या साक्षांची साखळी तोडून तिच्या जागी हे एकच प्रमाणपत्र आणले. गोवा मुक्त होण्यास तेव्हा अडीच महिने उरले होते. भारत या करारात सामील झाला तो मात्र २००४ साली आणि १४ जुलै २००५ पासून करार आपल्याकडे अमलात आला. निदान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, फ्रेंच मथळा आणि खाली क्रमवार दहा कलमे, एवढाच त्याचा पसारा. सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केली आणि शिक्का कोणाचा, इतकेच तो सांगतो. कागदातील मजकूर खरा की खोटा, याविषयी त्यात अवाक्षर नसते. २००६ पासून हेग परिषदेने याच प्रमाणपत्राच्या इलेक्ट्रॉनिक रूपाचा पुरस्कार चालविला. रूप बदलले तरी त्याची मर्यादा तीच राहिली.

आमच्या गोव्याच्या दृष्टीने खरी अडचण येथेच आहे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोर्तुगीज अमदानीत नागरी नोंदणी सर्वांना सक्तीची झाली आणि हिंदू घरांतील जन्म-विवाहही सरकारी वहीत चढले. ही शिस्त चांगलीच होती. पण ती वही पोर्तुगीज भाषेत आणि पोर्तुगीज कानाने लिहिली गेली. कामतांचे ‘कामोतिम’ झाले, प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले. विष्णूच्या ‘ष’साठी रोमन ‘एक्स’ आले आणि शेवटी एक अनुनासिक चिकटले. आज आजोबांच्या नोंदीत एक आडनाव, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि नातवाच्या पासपोर्टवर तिसरे. त्यात लग्नात वधूचे नाव बदलण्याची आपली चाल. मुलाच्या एका कागदावर आईचे माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. तिन्ही कागदांवर अपॉस्टिल बिनतक्रार उमटेल, कारण तिन्हींवरील सह्या खऱ्याच आहेत. परदेशातील कारकुनाला मात्र त्यांत तीन निरनिराळी माणसे दिसतील. नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा कायदा आहे खरा. पण येथे बदलायचे काहीच नसते, एकच माणूस दोन तऱ्हांनी लिहिला गेला एवढेच सिद्ध करायचे असते.

दुसरा घोटाळा संगणकाविषयीच्या समजुतीचा. कागदाचे छायाचित्र काढून संगणकात घातले म्हणजे तो ‘डिजिटल’ दाखला झाला, असे पुष्कळांना वाटते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली ती अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीला, आणि ती स्वाक्षरी त्या फाइलीतच नांदते. फाइल छापली की उरते ती केवळ प्रत. ‘ई-सनद’मध्येही मूळ अभिलेख संगणकावर असेल तर पडताळणी चटकन होते. नसेल तर दाखला देणाऱ्या कचेरीतील कोणीतरी वही उघडून पाहावी लागते, आणि ती उघडेपर्यंत अर्ज तसाच पडून राहतो.

या खोळंब्यावरच दलालांचे दुकान चालते. मंत्रालयाचे अपॉस्टिलचे शुल्क अवघे ५० रुपये. तरीही आखातात निघालेला कामगार किंवा बोटीवर जाणारा तारवटी दलालाच्या हाती हजारो रुपये ठेवतो, ते कोणता कागद कोणत्या खिडकीवर न्यायचा हे त्याला कोणी सांगत नाही म्हणून. शिवाय आखात म्हणजे एकच देश नव्हे. ओमानमध्ये हा करार २०१२ पासून, बहरीनमध्ये २०१३ पासून आणि सौदी अरेबियात डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. कुवेत, कतार आणि संयुक्त अरब अमिराती करारात नसल्याने तेथे वकिलातीची पायरी चुकत नाही. कॅनडा २०२४ साली करारात आल्यामुळे तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची मात्र पुष्कळ सोय झाली.

दिल्लीतील यंत्रणा कितीही वेगवान झाली तरी पोर्तुगीज वह्या येथेच आहेत आणि त्या वाचू शकणारे कर्मचारी वर्षागणिक निवृत्त होत आहेत. राज्य सरकारने प्रत्येक तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयातील जुन्या नोंदी संगणकावर आणाव्यात आणि उपनिबंधकाच्या डिजिटल स्वाक्षरीने दाखले द्यावेत. त्याच दाखल्यावर जुन्या लेखनाशेजारी प्रचलित नाव अधिकृतपणे नमूद करण्याची सोय असावी, म्हणजे प्रतिज्ञापत्रांचा निराळा गठ्ठा बांधावा लागणार नाही. पोर्तुगीज जाणणारी माणसे निवृत्तीनंतरही मानधनावर बोलवावीत. आणि कोणत्या देशासाठी कोणता मार्ग, याचा मराठी-कोंकणी तक्ता प्रत्येक मामलेदार कचेरीच्या दाराशी लावावा. त्याला तर संगणकही लागत नाही.