पाणथळीचा मानस कोणाच्या हाती?

हिवाळ्यातील रविवारी पहाटे रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत दुर्बिणी दिसू लागल्या, की स्थलांतरित पक्ष्यांचा हंगाम सुरू झाला असे समजावे. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य, करमळीचे तळे आणि कुडचड्याचे नंदा तळे अशी सहल गोव्यात एका दिवसात आटोपते. अभयारण्य १९८८ पासूनचे, वनखात्याच्या ताब्यातले. त्याचे क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर असले, तरी तेथील खारफुटीवर मालकी कोणाची, याविषयी संदिग्धता नाही. खरा प्रश्न उरतो तो तळ्यांचा.

नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. गोव्यातील ही पहिली रामसर पाणथळ; क्षेत्र सुमारे ४२ हेक्टर. हा दर्जा मिळताच तिची ओळख 'पर्यटनस्थळ' अशी करून देण्यात आली आणि मूळ ओळख मागे पडली. पावसाळ्यात भरणारे आणि मानसाच्या फळ्यांनी अडवलेले हे पाणी पुढे खालच्या बाजूच्या भातशेतीला जाते. पाणी जसजसे उतरते, तसतसे काठ उघडे पडतात आणि तेथेच कमळपक्षी, बगळे व अवाक चरताना दिसतात. पाणकावळ्याला खोल पाणी चालते, लांब पायांच्या शेकाट्याला चालत नाही. अडईला उथळ, वनस्पतींनी भरलेला काठ हवा. म्हणजे पर्यटक ज्या पक्ष्यांसाठी येतो, त्यांचे वेळापत्रक वायंगणी शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. तळे बारमाही तुडुंब ठेवून नौकाविहार सुरू केला, तर छायाचित्रात ते अधिक देखणे दिसेल, एवढेच. वायंगण पिकवणारा शेतकरी शेती सोडून गेला, तरी परिणाम तोच होईल, कारण मग फळ्या वेळेवर काढण्याची निकड कोणालाच राहणार नाही.

या शेतकऱ्याला कायद्यात स्थान किती? २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी पाणथळीचे अन्य वापरात रूपांतर, अतिक्रमण, घनकचरा टाकणे व प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांस मनाई केली. मागील दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरांत, बोटींच्या धक्क्यांचा अपवाद वगळता, कायमस्वरूपी बांधकामही निषिद्ध ठरवले. (अपवाद नेमका धक्क्याचाच असावा, हे बोलके आहे.) मात्र भातशेती आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय याच नियमांनी पाणथळीच्या व्याख्येबाहेर ठेवले. तळे संरक्षित होऊ शकते. त्याच्या पाण्यावर पिकणारे आणि त्याच पक्ष्यांना चारा देणारे शेत मात्र पाणथळ म्हणून मोजले जात नाही.

या वगळण्याचा अर्थ शेजारच्या कर्नाटकात अधिक ठळक दिसतो. बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यातील मंठाळच्या मराठीभाषक परिसरात नैसर्गिक सरोवरे नाहीत. पठारावरील पाणी म्हणजे गावतळी आणि धरणे. भालकी तालुक्यात मांजरेची उपनदी कारंजा हिच्यावरील जलाशय हे त्यांतले मोठे उदाहरण. असे जलाशय सिंचनासाठीच बांधलेले असतात. पक्षी उतरतात ते साठ्याच्या कडेच्या चिखलात, आणि त्या चिखलाची रुंदी पाटबंधारे खात्याच्या आवर्तनावर ठरते. तेथे निरीक्षक आले तरी पाणथळ नियमांचा आधार मिळणे कठीण. उलट, त्याच राज्यात गदग जिल्ह्यातील मागडी केरे आणि विजयनगर जिल्ह्यातील अंकसमुद्र या दोन जागांना २०२४ मध्ये रामसर दर्जा मिळाला. दोन्ही सिंचनासाठी बांधलेली तळी! मागडीला हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात आणि भोवतालच्या शेतांत चरतात. आंतरराष्ट्रीय करार ज्या जलाशयाला महत्त्वाची पाणथळ म्हणतो, तसाच जलाशय दर्जा नसेल तर देशी व्याख्येत बसत नाही.

मागडीला दर्जा मिळाला, मंठाळ भागातील एखाद्या तळ्याला मिळाला नाही. हा फरक पाण्याचा नसून नोंदींचा आहे. वर्षानुवर्षांच्या पक्षीगणनेवाचून असा प्रस्ताव उभा राहत नाही. इथेच एका दिवसाच्या सहलीचे मोल आहे. रविवारी पाहिलेल्या पक्ष्यांची तारीखवार नोंद ठेवली आणि सोबत त्या दिवशीची पाण्याची पातळीही टिपली, तर मानस केव्हा उघडल्यावर कोणते पक्षी आले, हे दाखवता येते. करमळीच्या तळ्याशेजारून कोकण रेल्वे धावते. खिडकीतून पक्षी पाहणारे हजारो आहेत. पाणी कोणत्या महिन्यात किती उतरले, हे मात्र बांधावरच्या शेतकऱ्यालाच विचारावे लागते. तळ्यांच्या व्यवस्थापन समित्यांत त्याला जागा देणे हा राज्य पाणथळ प्राधिकरणाच्या आवाक्यातला निर्णय आहे.