आगगाडीआधी घाट चढलेली तार

लोणावळ्याची आधुनिकता आगगाडीपासून मोजण्याची खोड आता सोडावी. भोर घाटातला लोहमार्ग खुला झाला १८६३ साली. पुण्यावरून मुंबई-मद्रास जोडणारी विद्युत तार १८५५ सालीच जनतेसाठी खुली झाली होती. गाडीआधी सह्याद्री चढला तो मजकूर! 'कागदाविना व्यवहार संगणकाने आणला' हे पालुपदही तसेच पोकळ. वेगाचा प्रश्न तारेने तेव्हाच सोडवला होता. अडले ते सहीपाशी. तारेने सौदा कळे, पण सही जात नसे. म्हणून व्यापारी मागाहून टपालाने पत्र धाडीत. डिजिटल सहीला मान्यता दिली ती २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने. मावळातल्या शेतकऱ्याचा डिजिटल सातबारा तलाठ्याच्या शिक्क्यावाचून चालतो तो या मान्यतेमुळे, संगणकाच्या वेगामुळे नव्हे.