समुद्रात गेलेल्यांची नावे

कऱ्हेकाठच्या मोरगावात समुद्राची गोष्ट काढली तर पोरे हसतील. पण क्रिकेटची म्हटली की माळावर खेळणारी तीच पोरे कान टवकारतात. म्हणून या खेपेस आम्ही एका क्रिकेटपटूची हकीकत सांगतो.

त्याचे नाव सेसिल ॲबरक्रॉम्बी. माणूस गोरा, पण जन्म १८८६ सालचा, बिहारातल्या मुझफ्फरपूरचा. नोकरी ब्रिटिश आरमारात. स्कॉटलंडकडून तो रग्बीही खेळला. १९१३ साली हॅम्पशायर संघाकडून पहिल्याच सामन्यात त्याने १२६ धावा काढल्या. त्याच वर्षी इसेक्सविरुद्ध १६५ धावा काढून जॉर्ज ब्राऊनबरोबर सातव्या विकेटसाठी ३२५ धावांची भागी केली.

पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत त्याच्या 'डिफेन्स' या युद्धनौकेवर जर्मन गोळे पडले. दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि जहाज बुडाले. वरच्या सुमारे ९०० माणसांपैकी एकही वाचला नाही. ॲबरक्रॉम्बी तेव्हा अवघा ३० वर्षांचा होता. माणूस गेला, पण धावांच्या वहीत त्याचे नाव राहिले.

वाचकहो, त्याच युद्धात आपल्या देशाचे खलाशीही समुद्रात गेले. बॉयलरपुढे कोळसा ओढणारे, डेक धुणारे, भटारखान्यात राबणारे. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, मरण मात्र सारखेच. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे ते स्मारक. त्यांच्यात कोण गोट्या छान खेळे, कोण गळ्याने गोड होता, हे कुठल्याच वहीत उतरले नाही. कष्टकऱ्याच्या आयुष्याची नोंद ठेवायला कोणी बसलेले नसते. ती आपणच ठेवावी लागते.

आपल्या कितीतरी घरांत आजा-पणजा पलटणीत, गोदीत नाहीतर बोटीवर होता. पत्र्याच्या पेटीत पदक असते, पेन्शनचा पिवळा कागद असतो, पण नाव विचारले तर नातवंडे एकमेकांकडे बघतात. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. पूर्ण नाव, गाव, पलटण किंवा जहाज, साल हे सारे वहीत लिहून घ्या. युद्धात गेलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत फुकट शोधता येतात. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्या. तिचे अक्षर चांगले असते आणि ती विचारायला लाजत नाही.