दहा खेळाडूंची खंडणी

युरोपातील व्यावसायिक गोल्फचा २०२४ चा मोसम २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच आठवड्यात ब्रिस्बेन आणि जोहान्सबर्ग येथे सुरू झाला आणि पुढल्या नोव्हेंबरात दुबईस संपला, एवढे सांगितले की यात युरोप कोठे आहे, हा प्रश्न वाचकाच्या ओठी आल्यावाचून राहत नाही. आणि हाच प्रश्न पुढे करून या खेळाचे जुने अभिमानी गेली कित्येक वर्षे शोक करीत आले आहेत. १९७२ साली जॉन जेकब्ज यांच्या देखरेखीखाली युरोपियन टूरचा पहिला मोसम भरला तेव्हा तो बव्हंशी ब्रिटन व पश्चिम युरोप यांच्या हद्दीतला मामला होता. २०२४ च्या वेळापत्रकात ४४ स्पर्धा आणि २४ देश होते, आणि २०२२ च्या मोसमापासून टूरच्या व्यावहारिक नावातून 'युरोप' जाऊन तेथे डीपी वर्ल्ड या दुबईच्या बंदरव्यवसायी कंपनीचे नाव आले आहे.

मला हा शोक अस्थानी वाटतो. ज्या भूमीत हिवाळ्याचे महिने गोठलेल्या मैदानांत जातात, तेथील खेळाडूंनी १९८९ मध्ये दुबईच्या वाळवंटात मुक्काम टाकला, यात स्वाभिमानाची हानी ती कोणती? शिवाय आपल्या लोकांनी तरी या देशांतरावर नाक मुरडू नये. या टूरवर विजय मिळविणारा पहिला भारतीय अर्जुन अटवाल २००२ मध्ये सिंगापुरात जिंकला, आणि कलकत्त्याच्या रॉयल क्लबात मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २००८ मध्ये दिल्लीत. जीव मिल्खा सिंगने २००६ मध्ये स्पेनमधील वाल्देरामाची स्पर्धा मारली ही गोष्ट निराळी, परंतु टूर आपल्या सरहद्दीबाहेर पडलीच नसती तर अटवाल व चौरसिया यांचे ते विजय घडलेच नसते.

खरा घाव भूगोलाचा नसून तहनाम्याचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूरशी जो सख्याचा करार झाला, तो जून २०२२ मध्ये, म्हणजे सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फची पहिली स्पर्धा लंडनजवळ भरली त्याच महिन्यात, २०३५ पर्यंत वाढविण्यात आला: अमेरिकनांनी युरोपच्या बक्षिसांच्या रकमांना काही वर्षे जामीन राहावे, टूरच्या चित्रवाणी-निर्मितीच्या कंपनीतील त्यांचा हिस्सा १५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर जावा, आणि २०२३ पासून दर मोसमाअखेर गुणानुक्रमातील, ज्यांना अमेरिकेत खेळण्याचा हक्क आधीच नाही अशा, वरच्या दहा खेळाडूंना पुढील वर्षाचा तेथील परवाना मिळावा. मराठी वाचकाला येथे १८०२ चा वसईचा तह आठवला तर त्यास दोष देता येणार नाही. बाजीरावाला गादी मिळाली, फौजही मिळाली, आणि त्यांच्या मोबदल्यात जे गेले त्याची मोजदाद करण्यास पुणे दरबाराला फार काळ थांबावे लागले नाही.

मोसम म्हणजे केवळ बक्षिसांची रोजकीर्द नव्हे. एखाद्या खेळाडूचा उदय, अस्त आणि पुनरुदय प्रेक्षकाने वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर पाहावा, यातच त्याची गोडी आहे. इटलीचा मात्तेओ मानासेरो २०१० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, टूरवर जिंकला, विसाव्या वर्षी त्याने वेंटवर्थची प्रतिष्ठेची स्पर्धा मारली, आणि मग त्याचा खेळ असा काही हरपला की तो कनिष्ठ श्रेणीत जाऊन पडला. मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, जवळजवळ अकरा वर्षांनी, तो पुन्हा जिंकला, आणि वर्ष सरता सरता त्या दहांत निवडला जाऊन अमेरिकेच्या वाटेला लागला. पडत्या काळात ज्यांनी त्याची वाट पाहिली, त्यांच्या वाट्याला पुनरुदयाचा जेमतेम एक मोसम आला.

कराराचे कैवारी रॉबर्ट मॅकिन्टायरकडे बोट दाखवितील, आणि ते रास्तही आहे. स्कॉटलंडमधील ओबनच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा हा मुलगा (चौरसियाशी असलेले हे साम्य मला फार प्रिय आहे) २०२३ च्या दहांतून अमेरिकेत गेला, जून २०२४ मध्ये वडिलांनाच कॅडी करून त्याने कॅनडाची स्पर्धा जिंकली, आणि जुलैत घरी येऊन स्कॉटिश ओपन जिंकली, जी १९९९ मधील माँटगोमेरीनंतर कोणा स्कॉटला जिंकता आली नव्हती. पण ती जुलैची स्पर्धा दोन्ही टूरच्या वेळापत्रकांत सामाईक आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या स्पर्धा सामाईक नाहीत, त्या बेल्जियमच्या, हॅम्बर्गच्या वा म्युनिकच्या प्रेक्षकांना असा खेळाडू क्वचितच लाभतो. २०२४ च्या मोसमात गुणानुक्रमात अव्वल ठरलेला रोरी मॅकिलरॉय याचा तो सहावा मान होता, परंतु त्याचेही वर्ष मुख्यतः अमेरिकेतच जाते.

बरे, या खंडणीने लिव्हचे आक्रमण तरी थोपले काय? २०२३ च्या दहांतील अग्रणी पोलंडचा आद्रियान मेरोंक काही आठवड्यांतच लिव्हला जाऊन मिळाला. २०२४ च्या दहांतील उत्तर आयर्लंडचा तरुण टॉम मॅकिबिन याने अमेरिकेचा परवाना हाती असता जानेवारी २०२५ मध्ये तोच मार्ग धरला.

तेव्हा जो परवाना युरोपच्या मोसमाने मिळतो, त्याच्याबरोबर उन्हाळ्यात युरोपच्या भूमीवर, सामाईक नसलेल्या ठराविक स्पर्धा खेळण्याचे बंधन असले पाहिजे. २०३५ ची वाट न पाहता हे कलम टूरचे मुख्याधिकारी गाय किनिंग्ज यांनी आताच मागावे, आणि अमेरिकेने ते नाकारले तर दहा परवान्यांची ही वार्षिक देणगी परत करावी.