गवळाऊ बैल काढायला पांढरा रंग लागत नाही

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, आज जरा स्पष्टच लिहिते. तिसरीच्या पुढच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला छापील प्राण्याची झेरॉक्स रंगवायला देणं आपण बंद केलं पाहिजे. पहिली-दुसरीत बोटांना वळण लागावं म्हणून एखाद्या वेळी ठीक आहे. पण नऊ-दहा वर्षांचं मूल दुसऱ्याने काढलेल्या रेषेच्या आत रंग भरत बसतं, तेव्हा ते काय शिकतं? फक्त रेषेबाहेर न जाणं.

त्या झेरॉक्सवर गाय कोणती असते तेही बघा. बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, परदेशी. आणि आपला जिल्हा कुठला? गवळाऊचा. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत ही गाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. गवळी समाजावरून तिला हे नाव पडलं. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी पैदास केंद्र आहे. अंगाने हलकी, चालायला चपळ, रंगाने पांढरी. बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक. डोकं लांबट आणि निमुळतं, शिंगं आखूड. ज्या मुलाच्या गोठ्यात हे जनावर उभं आहे, ते मूल वहीत ठिपक्यांची गाय काढतं. याचं मला वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाने आपल्या ओळखीचा एक प्राणी कच्च्या रेखाटनापासून पूर्ण चित्रापर्यंत काढावा. आणि तो स्केचपेनने काढावा. खडूने का नाही? खडूचा रंग खरवडता येतो, एकावर एक चढवून चूक झाकता येते. स्केचपेनची रेषा पुसता येत नाही. त्यामुळे रेषा ओढण्याआधी बघावं लागतं, ठरवावं लागतं. "आधी बघ, मग ओढ" ही सवय गणितातही कामी येते आणि लेखनातही.

याला तीन तासिका लागतात. आनंददायी शनिवार आहेच.

पहिल्या तासिकेत नुसतं बघणं आणि पेन्सिल. आधी पाच मिनिटं हातात काहीच घ्यायचं नाही. गावातल्या शाळेत बैल बघायला लांब जावं लागत नाही. नसेलच तर घरून बघून यायला सांगा. प्रश्न विचारा: वशिंड पुढच्या पायांच्या वर आहे की पाठीच्या मध्ये? गळ्याखालची पोळी कुठून सुरू होते? शेपटीचा गोंडा कुठपर्यंत येतो? मागचा पाय कुठे वाकतो? मुलं चारही पाय टेबलासारखे सरळ काढतात, कारण त्यांनी पाय पाहिलेलाच नसतो. त्यांना सांगा, बैलाच्या पुढच्या पायात आपल्याला जो गुडघा वाटतो ते खरं तर त्याचं मनगट आहे, मागच्या पायाचा मागे आलेला कोन म्हणजे टाच, आणि खूर म्हणजे दोन बोटांची नखं. बैल नखांवर उभा असतो हे कळलं की मुलं पाय पुन्हा बघायला जातात. मग पेन्सिल: धडाचा मोठा आकार, मानेचा तिरपा आकार, डोक्याचा निमुळता आकार. हलक्या हाताने. दाबून काढलेली पेन्सिल नंतर निघत नाही.

दुसऱ्या तासिकेत काळी रेषा. इथे पाण्याने न पसरणारा काळा मार्कर पेन हवा. चार मुलांत एक पुरतो. त्याला वास असतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. शाई कागदातून आरपार जाते, म्हणून खाली जुना पेपर ठेवा. सगळी रेषा एकसारखी जाड नको. पोटाखाली आणि खुरांजवळ जाड, पाठीवर जिथे ऊन पडतं तिथे बारीक. शाई पूर्ण वाळली की पेन्सिल खोडून टाकायची, आणि हे रंग भरण्याआधीच करायचं. पेन्सिलवर स्केचपेन फिरला की ती रेषा रंगाखाली पक्की बसते, मग कितीही खोडा.

तिसऱ्या तासिकेत रंग. आणि इथेच वर्गातून हमखास आवाज येतो, "मॅडम, डब्यात पांढरा स्केचपेनच नाई न!"

मला वाटतं, सगळ्या धड्याचं मर्म इथे आहे. पांढरा रंग डब्यात नसतो, तो कागदातच असतो. आपण फक्त सावली काढायची. पोटाखाली, पायांच्या मधे, पोळीच्या घडीत, वशिंडाच्या मागे. राखाडी पेन नसेल तर काळ्या स्केचपेनचं टोक प्लास्टिकच्या झाकणावर घासा आणि ओल्या ब्रशने तो रंग उचला. बऱ्याच काळ्या शाया पाण्यात जांभळट-निळसर फुटतात. तेवढ्यावर विज्ञानाचा एक तास निघतो. मग मागचं रंगवा: काळी माती, हिरवी पराटी, निळं आभाळ. आजूबाजूला रंग भरला की पांढरा बैल आपोआप पुढे येतो. क्रम एकच, फिकट आधी आणि गडद शेवटी. नाहीतर पिवळ्या पेनचं टोक काळं होतं आणि डबा वाया जातो. एकाच जागी तीन-चारदा घासलं तर कागदाचे लोळे निघतात, म्हणून वहीचा पातळ कागद नको, ड्रॉइंगचा जाड कागद घ्या.

पालकांना एक कळकळीची विनंती. चित्र घरी आलं की "अजून रंगवलं नाही का रे?" असं म्हणू नका. कोरा सोडलेला भाग हा मुलाने विचार करून सोडलेला असतो. तुमच्या एका वाक्याने मूल रात्री बसून अख्खा बैल तपकिरी करून आणतं. स्पर्धांमध्येही पान भरलेलं दिसलं की नंबर, असं होतं. परीक्षकांनी आधी पाय बघावेत, मग रंग.

माझ्या वर्गात चौथीतल्या एका मुलाने बैलाचं एक शिंग खाली झुकलेलं काढलं. शेजारचा म्हणाला, चुकलं. तो म्हणाला, "आमच्या बैलाचं तसंच हाय." त्याचं कच्चं रेखाटन झालं तेव्हा जोडी घरी होती. रंगाची तासिका आली तोपर्यंत वडिलांनी जोडी विकली होती. शेत आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होतं. त्याने ते चित्र आपल्या रेखाटनावरून पूर्ण केलं. सावली कुठे द्यायची हे त्याने कोणालाच विचारलं नाही. झेरॉक्सवर ते झुकलेलं शिंग कुठून आलं असतं?

काही सहकारी म्हणतात, भाषा-गणिताचं टेन्शन काय कमी आहे? खरं आहे. पण 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी आपल्याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, आणि त्यानंतर झाकीर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम मांडला त्यात मातृभाषा आणि गणितासोबत चित्रकलाही होती. नई तालीमचं नाव घेणाऱ्या जिल्ह्यात चित्रकलेची तासिका सगळ्यात आधी कापली जावी, हे बरोबर नाही. शिवाय बैलावर चार ओळी लिहायला सांगा. ज्याने तो काढलाय त्याच्या ओळी वेगळ्या येतात. 'वशिंड', 'वेसण', 'गोंडा' हे शब्द त्याला पाठ करावे लागत नाहीत.

कोणी म्हणेल, वाघ काढू द्या, मुलांना आवडतो. जरूर काढू द्या. आपल्या बोर अभयारण्याला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आहे. पण वाघ मुलं फोटोवरून काढणार. पहिला प्राणी तरी असा असावा ज्याच्या अंगावरून त्यांनी हात फिरवलाय. बैल नसेल तर शेळी, कुत्रा, कोंबडी चालेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी नंदी सजवून आणतात, त्याला झूल, घुंगरमाळ घालतात. यंदा पोळ्याच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा, दर शनिवारी एक तासिका. तान्ह्या पोळ्याला नंदीसोबत प्रत्येकाचं चित्रही शाळेच्या व्हरांड्यात लावा आणि खाली बैलाचं नाव लिहायला सांगा. पालकांना आवर्जून बोलवा. कोणता बैल कोणाचा, हे त्यांना चित्रावरून ओळखता येतं का, तेवढं बघा.